सुस्वभावी आणि होतकरू

मनुष्याच्या जिभेप्रमाणें त्याच्या लेखणीलाहि कांहीं शब्दांची संवय लागते, आणि ती एकदां लागली म्हणजे डोकें दुसरीकडे असलें तरी हात आपला लिहीत राहतो. आम्हीं अडतीस वर्षें मास्तरकी केली. तेवढ्या अवधींत आमच्या लेखणीला जडलेली सर्वांत जुनी संवय म्हणजे 'सुस्वभावी व होतकरू' हे दोन शब्द. त्यांनीं आम्हांस इतक्या वर्षांत कधीं दगा दिला नाहीं. तो त्यांनीं दिला अमेरिकेंत, शिकागोनजीकच्या एका गांवीं, आमच्या कन्येच्या स्वयंपाकघरांतील टेबलाशीं. ती हकीकत वाचकांस सांगावी असें बरेच दिवस मनांत होतें.

प्रथम स्वतःविषयीं दोन शब्द. आम्ही १९७४ सालचे, जुन्या अकरावीचे मॅट्रिक. घर वाईस असल्यामुळें लहानपणापासून एका शास्त्रीबोवांपाशीं संस्कृताचें अध्ययन घडलें. कौमुदीचा पूर्वार्ध व रघुवंशादि कांहीं काव्यें त्यांच्यापुढें बसून झालीं. पुढें डी.एड. होऊन सातारा जिल्ह्यांतील एका हायस्कुलांत लागलों आणि तेथूनच २०१५ सालीं निवृत्त झालों. कॉलेजची पायरी आम्ही स्वतः कधीं चढलों नाहीं. इतरांच्या मुलांनीं ती चढावी एवढ्यासाठीं मात्र जन्मभर घसा कोरडा केला.

२०२४ सालच्या ऑगस्टांत आम्ही उभयतां प्रथमच परदेशीं गेलों. कन्या व जांवई तेथें वीस वर्षें आहेत. नातू त्या वर्षीं बारावींत होता. त्याची शाळा कॅथलिक पंथाची. हें आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें. परंतु आमच्या कुटुंबास तें शाळेच्या माथ्यावरील क्रूस प्रत्यक्ष दिसल्यावरच खरें वाटलें. "अहो, पोराला तेथें प्रार्थना म्हणायला लावतात का हो?" असें त्यांनीं आम्हांस रात्रीं हळूच विचारलें. त्यांत त्यांचा दोष नाहीं. ना. वा. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, त्या वेळच्या खळबळीच्या गोष्टी आमच्या लहानपणींहि घरांत सांगितल्या जात. मिशनरी आणि शाळा हे दोन शब्द एकत्र आले कीं आमच्या पिढीच्या कपाळीं एक आठी उमटतेच.

कन्येला विचारलें तेव्हां ती म्हणाली, "बाबा, सरकारी शाळा येथें फुकट आहे आणि ती वाईटहि नाहीं. पण आठवींत असतांना हा फार अबोल झाला होता. एवढ्या मोठ्या शाळेंत याला ओळखणारें कोणी भेटेल, अशी आम्हांला खात्री वाटेना." ओळखणारें कोणी, हे तिचे शब्द आम्हीं त्या वेळीं फारसे मनावर घेतले नाहींत. जांवयांनीं फीचा आंकडा सांगितला, तोच मनांत घोळत राहिला. वर्षाला हजारों डॉलर! तेवढ्या पैशांत आमच्या गांवीं एका शिक्षकाचा वर्षाचा पगार निघाला असता.

पांच महिने हाताशीं होते आणि मास्तराला शाळेखेरीज दुसरें कांहीं पाहावेसें वाटत नाहीं. तेव्हां आम्हीं त्या शाळेच्या शिक्षणक्रमाची नीट चौकशी केली. तेथील हायस्कूल नववी ते बारावी असें चार वर्षांचें असतें. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते, आणि पुढचीं दोन वर्षें मूल शाळेचेंहि नसतें आणि खऱ्या अर्थानें कॉलेजचेंहि नसतें. शिकवणीच्या वर्गाचें तेवढें असतें. तेथें तीं चारहि वर्षें एकाच छपराखालीं जातात. एका इयत्तेंतील सर्व मुलांनीं एकच गणित शिकलें पाहिजे, असा नेम नाहीं. एकाच विषयाचा साधा वर्ग असतो, त्याहून कठीण असा 'ऑनर्स' वर्ग असतो, आणि त्यावर 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणून आणखी एक पायरी असते. ही शेवटची योजना कॉलेज बोर्ड नांवाची संस्था १९५५ पासून चालवीत आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास मुलानें शाळेंतच करावयाचा, मे महिन्यांत परीक्षा द्यावयाची, आणि १ ते ५ यांपैकीं ३ किंवा अधिक गुण मिळाले तर पुष्कळ कॉलेजें त्या विषयाचें श्रेय देतात. नातवानें असे विषय दोन वर्षांत मिळून पांच घेतले होते. आमच्या काळीं हुशार मुलाला वरच्या वर्गांत ढकलीत. हे लोक वरचा वर्गच खालीं आणतात, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या गोष्टी कॅथलिक शाळांच्याच आहेत असें मात्र नव्हे. चांगल्या सरकारी शाळांतहि त्या आहेत. कॅथलिक शाळेचें निराळेपण आम्हांस तीन ठिकाणीं दिसलें. पहिलें लॅटिनमध्यें, दुसरें धर्माच्या तासांत, आणि तिसरें जें दिसलें त्यासाठींच हा लेख आहे.

लॅटिन आतां तेथीलहि सर्व शाळांत राहिलेलें नाहीं. परंतु नातवाच्या शाळेनें तें टाकलेलें नाहीं, आणि त्यानें तें चारहि वर्षें घेतलें. एके संध्याकाळीं तो विभक्ति पाठ करीत बसला होता. कानावर सूर पडला आणि आम्ही हातांतलें वर्तमानपत्र ठेवून उठलों. अर्थ समजत नव्हता, पण चाल आमचीच होती! मग दोघांनीं मिळून याद्या केल्या. पातेर तो पितृ, मातेर ती मातृ, सेप्टेम ते सप्त, इग्निस तो अग्नि, विदुआ ती विधवा. लॅटिनांत द्विवचन नाहीं हें ऐकून आम्हांस त्या भाषेची कींव आली, आणि संस्कृतांत तें आहे हें ऐकून नातवाला आमची आली. शेवटीं त्यानें विचारलें, "आजोबा, नेपोस म्हणजे नातू. तुमच्याकडे?" आम्हीं सांगितलें, "नप्तृ." आपला 'नातू' हा शब्दहि त्यांतूनच आलेला. त्या रात्रीं जेवणें अर्धा तास उशिरां झालीं.

या शाळांच्या अध्यापनपद्धतीवर जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचा ठसा फार जुना आहे. या पंथानें १५४८ सालीं सिसिलींतील मेसिना येथें शाळा काढली आणि १५९९ सालीं आपल्या सर्व शाळांसाठीं एक अध्ययननियमावली तयार केली. आधीं व्याकरण, मग काव्यवाङ्मय, मग वक्तृत्व, असा तिचा क्रम. गुरूनें पाठ आधीं उलगडून सांगावा, शिष्यानें त्याची आवृत्ति करावी, पाठांतर करावें, स्वतः रचना करावी आणि परस्परांत वाद घालावा. हें वाचतांना आम्हांस आमच्या शास्त्रीबोवांची ओसरी आठवली. संथा, आवृत्ति, शास्त्रार्थ. नांवें तेवढीं निराळीं! शिकागो शहरांत सेंट इग्नेशियस नांवाची या पंथाची एक शाळा आहे. तिची १८७० सालची इमारत १८७१ च्या भीषण अग्निप्रलयांतून वांचली. जांवयांनीं ती एका रविवारीं आम्हांस बाहेरून दाखविली. याच पंथाचे फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आपली भाषा शिकले, आणि त्यांनीं दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघडच आहे. परंतु ज्याला शिकवावयाचें त्याची भाषा आधीं आपण शिकली पाहिजे, ही त्यांची समजूत कोणाहि शिक्षकानें घेण्यासारखी आहे.

आतां धर्माचा तास. तो चारहि वर्षें सक्तीचा असतो. बायबल, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र आणि शेवटच्या वर्षांत जगांतील इतर धर्म, असा नातवाचा क्रम होता. प्रार्थनेच्या वेळीं तो इतरांबरोबर शांत उभा राहतो. त्यानें कांहीं म्हटलेंच पाहिजे असा आग्रह कोणी धरीत नाहीं. हें समजल्यावर आमच्या कुटुंबाची झोंप परत आली. या विषयाबरोबर प्रत्येक मुलानें ठराविक तास समाजसेवा करावी लागते आणि त्या तासांची नोंद सहीशिक्क्यानिशीं शाळेस द्यावी लागते. नातू दर शनिवारीं एका अन्नछत्रांत डबे भरावयास जात असे. इतर धर्मांच्या पाठांत गीता आली तेव्हां त्यानें आम्हांस विचारलें, "आजोबा, निष्काम कर्म म्हणजे फळाची इच्छा न ठेवतां केलेलें. मग ज्या सेवेचे तास मोजून कॉलेजच्या अर्जांत लिहितात, ती कसली?" प्रश्न बिनतोड होता. आम्हीं म्हटलें, "नोंद भरून झाल्यावर पुढच्या शनिवारीं तूं जातोस का, तें पाहा." नोव्हेंबरांत त्याचे तास पुरे झाले. डिसेंबरांतहि तो जात होता. आम्हीं विचारलें नाहीं आणि त्यानेंहि सांगितलें नाहीं.

बारावीचें शरदांतलें सत्र म्हणजे तेथें कॉलेजच्या अर्जांची घाई. १९२६ पासून चालत आलेली एस.ए.टी. ही परीक्षा त्यानें अकरावींतच दिली होती; ती एकूण १६०० गुणांची असते आणि तेथें ती मार्च २०२४ पासून संगणकावर घेतात. गुणपत्रक, परीक्षेचे गुण, घेतलेले विषय हें सर्व अर्जांत जातेंच. त्याखेरीज स्वतःविषयीं साडेसहाशें शब्दांच्या आंत एक निबंध लिहावा लागतो. आत्मस्तुति हा दोष, असें लहानपणापासून कानीं पडलेल्या आमच्यासारख्याला ही अट चमत्कारिक वाटली. सतरा वर्षांच्या पोरानें स्वतःविषयीं लिहावें तरी काय? आणि हा निबंध सुधारून देणारे धंदेवाईक लोकहि तेथें आहेत. ज्याच्या बापाजवळ पैसा, त्याच्या निबंधाला झिलई. नातवानें आपला निबंध स्वतःच लिहिला. आम्हांस दाखविला नाहीं. आम्हींहि मागितला नाहीं.

परंतु निबंधाहून निराळी अशी आणखी एक गोष्ट अर्जाबरोबर जाते, आणि ती मुलाच्या हातांत नसते. ती म्हणजे शाळेचें पत्र. दोन विषयशिक्षक आणि शाळेंतील समुपदेशक यांनीं त्या मुलाविषयीं कॉलेजला लिहावयाचें असतें. अर्जांतच एक प्रश्न असतो कीं, हीं पत्रें पुढें पाहण्याचा आपला हक्क विद्यार्थी सोडीत आहे काय? बहुतेक मुलें तो सोडतात. आपल्याविषयीं काय लिहिलें हें मुलाला कधींच कळत नाहीं, म्हणूनच लिहिणारा मोकळेपणानें खरें लिहितो, अशी त्यामागील कल्पना.

सप्टेंबरांत शाळेंत पालकांची सभा होती. आम्ही कन्येबरोबर गेलों. नातवाच्या समुपदेशक म्हणजे साठीकडे झुकलेल्या एक बाई होत्या. त्या कोणी साध्वी नव्हत्या, साध्या प्रापंचिक होत्या. समुपदेशकांच्या तेथील संस्थेची शिफारस एका समुपदेशकामागें २५० मुलें अशी आहे, आणि देशाची सरासरी त्याहून बरीच वर आहे. या बाईंकडे दोनशेंच्या आंत मुलें होतीं, आणि तींच मुलें नववीपासून बारावीपर्यंत त्यांच्याकडे राहत. आम्ही शिक्षक होतों हें कन्येनें सांगितल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. मग आम्हीं विचारलें कीं, दर वर्षीं इतकीं पत्रें लिहितां, तर त्यांचा कांहीं नमुना ठरवून ठेवला आहे काय? त्या हंसून म्हणाल्या, "नमुन्याचीं पत्रें पुष्कळ लोक लिहितात. कॉलेजांत बसलेलीं माणसें तीं एका नजरेंत ओळखतात आणि बाजूला ठेवतात. मी नववीपासून एक वही ठेवतें. मुलाचें कांहीं दिसलें कीं त्याच्या पानावर एक ओळ लिहितें. चार वर्षांनीं पत्र लिहावें लागत नाहीं, तें तेथें लिहिलेलेंच असतें." मग त्यांनीं सहज विचारलें, "तुमच्याकडे तुम्ही कसें लिहीत होतां?"

आम्ही कन्येकडे पाहिलें. तिला वाटलें आम्हांस इंग्रजी शब्द सुचत नाहीं. शब्द सुचत होते, दोनच होते.

निघतांना बाईंनीं पालकांनीं भरावयाचा एक कागद दिला. आपल्या मुलाचें वर्णन तीन शब्दांत करा. प्रत्येक शब्दासाठीं एक प्रसंग सांगा. गेल्या चार वर्षांत त्याच्यांत कोणता पालट झाला? गुणपत्रकांत दिसणार नाहीं असें त्याच्यांत काय आहे? घरीं आल्यावर कन्येनें तो आमच्यापुढें ठेवला. "बाबा, जन्मभर तुम्ही मुलेंच पाहिलींत. आधीं तुम्ही मराठींत लिहून द्या, मग मी इंग्रजी करतें." आम्हीं चष्मा पुसला आणि लिहिलें: चि. नातू हा सुस्वभावी, होतकरू व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक उत्तम आहे.

कन्येनें तें वाचलें. आम्हांस वाईट वाटूं नये म्हणून तिनें क्षणभर दम धरला आणि मग म्हणाली, "बाबा, हें वर्गांतल्या कोणत्याहि मुलाला चालेल."

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. नातवाच्या कागदाचें दुःख नव्हतें. तो दुसऱ्या दिवशीं अन्नछत्र आणि नेपोस यांच्या आधारानें नीट भरून झाला. आम्हांस आठवत होता १९९६ सालचा जून महिना.

त्या वर्षीं आमच्या वर्गांतून एक मुलगा दहावी झाला. नांव सांगत नाहीं. वडील बाजार समितींत हमाल होते. मुलगा मागच्या बांकावर बसे, फारसा बोलत नसे. परंतु संस्कृतांत कच्चीं असलेलीं चार-पांच पोरें तो मधल्या सुटींत मारुतीच्या पायरीवर घेऊन बसे आणि टाळीच्या ठेक्यावर त्यांच्याकडून शब्द घोकून घेई. त्या पांचहि जणांची परीक्षा सुटली. आणखी एक प्रसंग. एकदां फळ्यावर 'सखि' शब्द चालवितांना आम्हीं घाईंत 'हरि'प्रमाणें षष्ठीचें एकवचन 'सखेः' असें लिहून गेलों. वर्गानें तें उतरून घेतलें. शाळा सुटल्यावर तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं आला, आंत दुसरें कोणी नाहीं हें पाहिलें, आणि खालीं मान घालून म्हणाला, "सर, तें सख्युः पाहिजे ना?" दुसऱ्या दिवशीं आम्हीं फळ्यावर दुरुस्ती केली. कोणी दाखवून दिलें, तें सांगितलें नाहीं. तोहि कधीं बोलला नाहीं. पंधरा वर्षांच्या पोराला विद्या आणि विनय यांची अशी जोड कोणी शिकविली होती? आम्हीं तर खास नव्हती.

निकाल लागल्यावर पुण्यांतील एका विद्यार्थिगृहांत जागेसाठीं त्यानें अर्ज केला. तेथें राहण्याजेवण्याची सोय अगदीं नाममात्र खर्चांत होत असे. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. अर्जासोबत शाळेंतील शिक्षकाचें पत्र हवें होतें. त्या दिवशीं आमच्याकडे पंधरा-सोळा मुलें दाखल्यासाठीं आलीं होतीं. आम्हीं शाळेच्या कागदावर चार ओळी लिहिल्या: सदर विद्यार्थी माझ्या माहितीचा असून सुस्वभावी, होतकरू व गरजू आहे. सही केली, तारीख घातली. त्यानें पत्र वाचलें आणि तो तेथेंच उभा राहिला. "सर, आणखी कांहीं लिहाल का?" आम्हीं म्हटलें, "याहून अधिक काय लिहावयाचें असतें?" तो गेला.

त्याला जागा मिळाली नाहीं. आमच्या पत्रामुळें ती गेली असें म्हणतां येणार नाहीं; दुसरे त्याहून गरजू असतील. परंतु तेथील मंडळींनीं त्याला ओळखण्याचा एकमेव मार्ग तो कागद होता, आणि त्या कागदावर तो नव्हताच. आम्हीं लिहिलें नाहीं याला घाई हें कारण होतें, हेंच आम्ही इतकीं वर्षें मनाला सांगत आलों. शिकागोच्या त्या रात्रीं दुसरेंहि कारण नीट दिसलें. मारुतीच्या पायरीची गोष्ट सुचली नाहीं, हें खरें. 'सख्युः'ची मात्र सुचली होती. ती लिहिली असती तर आपली चूकहि आपल्याच सहीनें लिहावी लागली असती. ज्या मुलानें आमची लाज राखली, त्याच्यासाठीं आम्ही ती तेवढी खर्चूं शकलों नाहीं.

आपल्या पद्धतीला आम्ही नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. गुणांची यादी लावून प्रवेश देण्यांत एक मोठा न्याय आहे. यादीला मुलाची जात दिसत नाहीं आणि बापाची मोटार दिसत नाहीं. शिफारसपत्राला महत्त्व आलें कीं त्याच्या पाठोपाठ वशिला येतो, हें आपणांस शिकवावयास नको. आपल्या भाषेंत तर "तेथें कोणाची ओळख आहे का?" या प्रश्नाचा अर्थच वशिला असा झाला आहे. बिचाऱ्या 'ओळख' या शब्दाची ही दुर्दशा पाहिली म्हणजे वाटतें कीं, कन्येनें तो शब्द त्याच्या मूळ अर्थानें वापरला होता आणि आम्हांस तो कळला नव्हता. कॉलेजची तयारी म्हणजे कठीण विषय, परीक्षा आणि गुण एवढेंच आम्ही समजत होतों. तीं तर असावींच लागतात. पण मूल शाळेंतून बाहेर पडतें तेव्हां निदान एका वडील माणसाला तें नीट ठाऊक असावें, आणि वेळ आली तर त्या माणसाला तें सांगतां यावें, हाहि त्या तयारीचाच भाग आहे. त्याला डॉलर लागत नाहींत. एक वही लागते.

जानेवारींत आम्ही परत आलों. नातवाच्या अर्जांचीं उत्तरें त्या वसंतांत आलीं. त्याला हवें होतें त्या कॉलेजनें नकार दिला, दुसऱ्या एका चांगल्या कॉलेजनें घेतलें. समुपदेशक बाईंनीं काय लिहिलें होतें, तें आम्हांस कधींच कळणार नाहीं. कळूं नये हेंच बरें.

इकडे आल्यावर आम्हीं जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांस ही सर्व हकीकत सांगितली. ते आमचेच विद्यार्थी. "सर, आमच्या शिक्षकांना माहिती भरतां भरतां दिवस पुरत नाहीं," असें ते म्हणाले, आणि तें खोटें नाहीं. तेव्हां आम्हीच आतां शनिवारीं सकाळीं जाऊन नववीच्या वर्गाशीं दोन तास बसतों. शिकवीत नाहीं, वाचून घेतों, बोलतों, पाहतों. शंभर पानी वहींत प्रत्येकाचें एक पान आहे. कांहीं पानें अजून कोरीं आहेत, आणि तीं मुलांचीं नव्हेत, आमच्या नजरेचीं कोरीं आहेत, हें आतां कळतें.

एके दिवशीं एस.टी. स्टँडबाहेर तो भेटला. आतां पंचेचाळिशीचा आहे, स्वतःचा टेम्पो चालवितो. त्यानें पाया पडूं नये म्हणून आम्ही मागें सरलों, तरी तो पडलाच. चहाच्या टपरीवर बसलों आणि आम्हीं धीर करून एकोणतीस वर्षांपूर्वींच्या त्या पत्राचा विषय काढला. आमचें चुकलें, असें सांगितलें. तो गोंधळला. मग म्हणाला, "सर, ती चिठ्ठी आहे अजून माझ्याकडं. अर्ज परत आला तेव्हां तीपण परत आली. लॅमिनेशन करून ठेवलीय."

"ती कशाला ठेवलीस?"

"तुम्ही होतकरू लिहिलंय ना त्यांत," तो म्हणाला. "तुमच्या अक्षरांत."

आम्हांस पुढें बोलवेना. थोड्या वेळानें आम्हीं विचारलें, "तुला तो 'सखि' शब्द आठवतो का रे? फळ्यावर आम्हीं सखेः लिहिलें होतें तो?" तो हंसला, इकडेतिकडे पाहिलें, आणि पूर्वींसारखाच आवाज खालीं आणून म्हणाला, "सख्युः, सर."

त्याचा मुलगा यंदा नववींत आला आहे, दुसऱ्या शाळेंत. त्याला रविवारीं आमच्याकडे पाठीव, असें आम्हीं सांगितलें. तो म्हणाला, "शिकवणीला का, सर?" आम्हीं म्हटलें, नाहीं. दोन वर्षांनीं त्याला कोठें अर्ज करावा लागेल, तेव्हां पत्र लागेल. त्याची आतां घाई नाहीं. आधीं ओळख होऊं दे.